ग्रॅहम बेल यांचे दुसरे यंत्र

२ जुलै १८८१, शनिवारची सकाळ. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड गाडी पकडण्यासाठी आले होते. पदाची सूत्रे घेऊन त्यांना पुरते चार महिनेही झाले नव्हते. तेवढ्यात चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने मागून येऊन पिस्तुलातून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत उजव्या बाजूने शिरली आणि शरीरात कुठेतरी थांबली. कुठे थांबली, हे कुणालाच सांगता येईना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १४ वर्षे होती.

ती गोळी शोधण्यासाठी जो माणूस पुढे आला तो डॉक्टर नव्हता. तो होता मुक्या-बहिऱ्या मुलांचा शिक्षक आणि टेलिफोनचा जनक, अलेक्झांडर ग्रॅहम बेल. वय अवघे ३४. टेलिफोनची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पण रेल्वे स्थानकात, मॉलच्या दारात आणि देवळाच्या रांगेत अंगावरून फिरणारा मेटल डिटेक्टर, किंवा समुद्रकिनाऱ्यावर वाळू चाचपत फिरणाऱ्या हौशी माणसाच्या हातातले यंत्र, यांचा एक पूर्वजही बेल यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. आवाज हा घरचाच विषय होता. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हे उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक. ओठ, जीभ आणि घसा यांच्या हालचाली चिन्हांनी दाखवणारी एक लिपी त्यांनी तयार केली होती. आई एलायझा यांना मात्र फार कमी ऐकू येई. इतर लोक त्यांच्याशी कर्ण्यातून बोलत; धाकटा अलेक्झांडर त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खोल, संथ आवाजात बोलायचा आणि ते त्यांना समजायचे. आवाज म्हणजे कंप, आणि कंप कानाशिवायही पोहोचू शकतो, हा धडा त्याला घरातच मिळाला. थोरल्या भावाच्या मदतीने त्याने रबर आणि भाता वापरून बोलणारे डोके बनवले. घरच्या कुत्र्याचा जबडा हाताने हलवून त्याच्या गुरगुरण्यातून शब्द काढण्याचाही खटाटोप केला.

पुढे या घरावर क्षयाची सावली पडली. १८६७ मध्ये धाकटा भाऊ एडवर्ड गेला, १८७० मध्ये थोरला मेलव्हिल गेला. दोघांनाही क्षयाने नेले. अलेक्झांडरचीही तब्येत ढासळू लागली, तेव्हा आईवडिलांनी उरलेल्या एकुलत्या मुलाला वाचवण्यासाठी देश सोडला आणि कॅनडातल्या ब्रँटफर्डजवळ मोकळ्या हवेत घर केले. तिथे त्याची प्रकृती सुधारली. १८७१ मध्ये बेल बोस्टनला गेले आणि ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थिनींमध्ये मेबल हबर्ड होती. पाचव्या वर्षाच्या सुमारास लोहितज्वराने तिची श्रवणशक्ती कायमची गेली होती. जुलै १८७७ मध्ये दोघांचे लग्न झाले.

टेलिफोनचे पेटंट बेल यांना ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. तीनच दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या सहायकाला, थॉमस वॉटसनला, तारेतून आलेले त्यांचे शब्द स्पष्ट ऐकू आले. प्रसिद्धी आली, पैसा आला आणि पेटंटवरून शेकडो खटलेही आले. बेल यांचे मन व्यवसायात रमणारे नव्हते. १८८० मध्ये फ्रान्सने त्यांना ५० हजार फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले, तेव्हा त्या पैशातून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा काढली. चार्ल्स टेंटर या कुशल कारागिराला सोबत घेऊन प्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवणारे यंत्रही बनवले. गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली तेव्हा हे दोघे नव्या कल्पनांमागे होते.

इकडे व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांचे हाल सुरू झाले होते. उपचारांची सूत्रे डॉ. विलार्ड ब्लिस यांनी आपल्या हाती घेतली. गोळी लागल्यापासूनच एकामागून एक डॉक्टर जखमेत न धुतलेली बोटे आणि सळया घालून गोळी चाचपत होते. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लाने जखमा आणि हत्यारे निर्जंतुक करण्याची पद्धत १८६७ मध्येच मांडली होती आणि १८७६ मध्ये ते खुद्द अमेरिकेत येऊन ती समजावून गेले होते. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर अनेक अमेरिकी डॉक्टरांचा विश्वास बसला नव्हता. गोळी उजव्या बाजूला, यकृताच्या आसपास आहे असे ब्लिस यांनी ठरवून टाकले होते, आणि ते मत बदलायला ते तयार नव्हते.

बेल यांनी वर्तमानपत्रात ही हकिगत वाचली. शरीराची चिरफाड न करता, वेदना न देता, आतला धातू शोधता येणार नाही का? सायमन न्यूकोम या खगोलशास्त्रज्ञालाही विजेच्या मदतीने असे काही करता येईल असे वाटत होते. बेल यांना आपल्याच जुन्या कामातला एक अनुभव आठवला. टेलिफोनच्या तारेत शेजारच्या तारघराच्या तारांमुळे खरखर येई. ती घालवण्यासाठी त्यांनी तारांची वेटोळी अशी मांडून पाहिली होती की एकातला व्यत्यय दुसऱ्याने खोडून काढावा. अशी मांडणी जमली की टेलिफोन शांत होई, पण धातूचा तुकडा जवळ येताच ती शांतता मोडत असे. लंडनमधले डेव्हिड ह्यूज यांनीही १८७९ मध्ये याच तत्त्वावर ‘इंडक्शन बॅलन्स’ नावाचे उपकरण बनवले होते.

त्यामागचे विज्ञान सोपे आहे. तारेच्या एका वेटोळ्यातून सतत चालू-बंद होणारा विद्युतप्रवाह सोडला की त्याच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. शेजारी दुसरे वेटोळे असेल तर त्यातही प्रवाह उमटतो. पण दोन्ही वेटोळी एका ठरावीक अंतरावर, अंशतः एकमेकांवर सरकवून ठेवली, तर दुसऱ्या वेटोळ्यातले उलटसुलट परिणाम एकमेकांना नाहीसे करतात. त्याला जोडलेल्या टेलिफोनमध्ये मग काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी जवळ धातू आणला, की धातूच्या पृष्ठभागात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात, त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि जमवून आणलेला तोल बिघडतो. कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये गुणगुण ऐकू येते. तराजूच्या एका पारड्यात चिमूटभर मीठ टाकावे तसा हा प्रकार.

अडचण होती ती गोळीची. ती शिशाची होती. तांबे किंवा चांदीच्या मानाने शिसे विजेचे कच्चे वाहक, त्यामुळे त्याची खूणही क्षीण. शिवाय धातू जितका खोल तितका आवाज झपाट्याने कमी होतो. सुरुवातीला यंत्राला जेमतेम दोन-तीन इंचांवरची गोळी कळे. बेल आणि टेंटर यांनी वॉशिंग्टनच्या भर उन्हाळ्यात रात्रंदिवस काम केले. वेटोळ्यांचे आकार बदलले, तारेची जाडी बदलली, बॅटऱ्या वाढवल्या. मुठीत गोळी धरून पाहिली, कोंड्याच्या पोत्यात दडवून पाहिली, मांसाच्या तुकड्यात घालून पाहिली. यादवी युद्धातली गोळी अंगात घेऊन जगणाऱ्या एका जुन्या सैनिकावरही प्रयोग केला. प्रत्येक वेळी उत्तर आधीच माहीत असलेल्या ठिकाणी यंत्र काय सांगते, हे ते ताडून बघत होते.

२६ जुलैच्या संध्याकाळी बेल यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. एव्हाना गारफिल्ड खंगले होते. उकाडा कमी व्हावा म्हणून नौदलाच्या अभियंत्यांनी बर्फावरून वारा आत सोडणारे एक अजस्र यंत्र बसवले होते. बेल यांनी वेटोळी पाठीवरून फिरवली, पण टेलिफोनमध्ये सतत खरखर येत राहिली आणि काहीच स्पष्ट होईना. प्रयोगशाळेत परतल्यावर कळले की ऐन वेळी जोडलेला एक भाग घाईत चुकीचा जोडला गेला होता.

१ ऑगस्टला दुसरा प्रयत्न झाला. या वेळी यंत्र नीट चालत होते. पण डॉ. ब्लिस यांनी फक्त उजवी बाजूच तपासू दिली, कारण गोळी तिथेच आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. एका बऱ्याच मोठ्या भागावर बेल यांना मंद गुणगुण ऐकू आली. छोट्या गोळीने एवढ्या पसरट जागेत आवाज द्यावा, हे त्यांना खटकले. ब्लिस यांनी मात्र आपल्या निदानाला विज्ञानाने दुजोरा दिल्याचे जाहीर करून टाकले. बेल यांनी दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तेव्हा अध्यक्षांच्या केसाळ गादीखाली पोलादी तारांच्या जाळीची आणखी एक गादी असल्याचे समजले. तशीच दुसरी गादी मागवून त्यांनी तिच्यावरही प्रयोग केले. त्या जाळीने नेमका किती घोटाळा केला यावर अभ्यासकांमध्ये आजही मतभेद आहेत. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. जिथे गोळी नव्हती, तिथेच ती शोधली जात होती.

त्याच ऑगस्टमध्ये बेल यांच्या स्वतःच्या घरावर आघात झाला. १५ तारखेला मेबल यांची वेळेआधीच प्रसूती झाली. मुलगा झाला, पण त्याची फुप्फुसे पुरती तयार नव्हती आणि श्वास घेता न आल्याने काही तासांतच तो गेला. एडवर्ड हे त्याचे नाव, क्षयाने गेलेल्या काकाचे.

गारफिल्ड यांच्या अंगात पू साठत गेला. डॉक्टरांनी जखम पुन्हा पुन्हा कापून मोठी केली. अन्न पोटात टिकेना, तेव्हा पोषक द्रव गुदद्वारातून देण्यात येऊ लागले. धिप्पाड शरीराचा सापळा उरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर हलवले आणि १९ सप्टेंबर १८८१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात गोळी सापडली ती पाठीच्या डाव्या बाजूला, स्वादुपिंडामागे. एका मणक्यातून आरपार जाऊनही तिने मज्जारज्जूला धक्का लावला नव्हता आणि शरीराने तिच्याभोवती आवरण तयार करून तिला निरुपद्रवी केले होते. खरा घात केला तो बोटांनी आणि हत्यारांनी आत नेलेल्या जंतूंनी आणि त्यातून झालेल्या गुंतागुंतीने. आजच्या अनेक तज्ज्ञांच्या मते ती जखम स्वच्छ ठेवून तशीच सोडली असती, तर गारफिल्ड बहुधा जगले असते. त्यांच्या मृत्यूनंतरच्या काही वर्षांत अमेरिकी रुग्णालयांत हात धुण्याची आणि हत्यारे निर्जंतुक करण्याची शिस्त झपाट्याने रुजली.

बेल यांनी यंत्र टाकून दिले नाही. सुधारलेल्या उपकरणाने त्यांनी अंगात गोळी असलेल्या इतर रुग्णांवर यशस्वी चाचण्या केल्या आणि १८८२ च्या ऑगस्टमध्ये मॉन्ट्रियलला भरलेल्या विज्ञान परिषदेत सगळे प्रयोग, अपयशासह, मांडले. जोडीला त्यांनी टेलिफोनला जोडलेली एक सुईही तयार केली. सुईचे टोक शरीरातल्या धातूला टेकले की कानात टकटक ऐकू येई. क्ष-किरण येईपर्यंत शल्यविशारदांना हे साधन उपयोगी पडत राहिले. जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाने बेल यांना वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. बाळाच्या मृत्यूतूनही एक यंत्र जन्मले. छातीभोवती बसणारे हवाबंद धातूचे कवच आणि त्यातली हवा भात्याने कमी-जास्त करून रुग्णाला श्वास घ्यायला लावण्याची सोय. पोलिओच्या साथीत हजारो मुलांना जगवणारे लोखंडी फुप्फुस १९२८ मध्ये आले. बेल यांचे कवच त्याच वाटेवरचे आधीचे पाऊल होते. १९०३ मध्ये तर त्यांनी रेडियमचा कण काचेच्या नळीत घालून थेट कर्करोगाच्या गाठीत ठेवावा, अशी सूचनाही केली. आज ब्रॅकीथेरपी नावाने जी उपचारपद्धती ओळखली जाते, तिचे मूळ सूत्र हेच आहे.

त्यांची सगळीच मते काळाच्या कसोटीला उतरली नाहीत. ऐकू न येणाऱ्या मुलांनी ओठ वाचून बोलायलाच शिकावे, हा त्यांचा आग्रह होता आणि सांकेतिक भाषेला त्यांचा विरोध होता. आई आणि पत्नी दोघींना ऐकू येत नसताना त्यांनी कर्णबधिरांच्या आपसातल्या लग्नांविषयीही चिंता व्यक्त करणारे लेखन केले. अनेक कर्णबधिर व्यक्तींच्या मनात त्यांच्याविषयी आजही कडवटपणा आहे, आणि तो अकारण नाही. दुसरीकडे, हेलन केलर या अंध-बधिर मुलीच्या वडिलांना योग्य शिक्षिकेकडे जाण्याची वाट दाखवली तीही बेल यांनीच.

पुढचे आयुष्य त्यांनी कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातल्या बॅडेक गावाजवळ पतंग, विमाने आणि पाण्यावरून उडत धावणाऱ्या बोटी बनवण्यात घालवले. त्यांच्या गटाच्या विमानाने २३ फेब्रुवारी १९०९ रोजी तिथल्या गोठलेल्या सरोवरावरून उड्डाण केले. २ ऑगस्ट १९२२ रोजी मधुमेहातून उद्भवलेल्या आजाराने ते गेले. त्याच वर्षीच्या जानेवारीत टोरांटोमध्ये इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन एका मुलाला दिले गेले होते, पण ते औषध सर्वांपर्यंत पोहोचायला अजून वेळ होता. अंत्यसंस्काराच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट शांत ठेवण्यात आले.

धातुशोधकाची गोष्ट पुढे इतरांनी नेली. १९२० च्या दशकात अमेरिकेत स्थायिक झालेले गेऱ्हार्ड फिशर विमानांसाठी रेडिओ दिशादर्शक बनवत होते. धातूच्या साठ्याजवळ त्यांचे यंत्र चुकते, असे त्यांच्या लक्षात आले आणि त्या चुकीतूनच त्यांनी हातात धरून फिरवायचा धातुशोधक तयार केला. १९३७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अभियंते युझेफ कोसात्स्की यांनी बनवलेला सुरुंगशोधक १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात वापरला गेला. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रे बाजारात आली आणि जुनी नाणी, अंगठ्या, खिळे शोधण्याचा छंद जगभर पसरला.

आज हा छंद सुरू करणाऱ्याच्या हातातले साधे यंत्रही दोन वेटोळ्यांच्या त्याच तोलावर चालते. बेल यांच्या त्या उन्हाळ्यातून त्याला शिकण्यासारखे बरेच आहे. मैदानात जाण्याआधी घरी सराव करावा. नाणे, खिळा, चावी, बाटलीचे झाकण अशा ओळखीच्या वस्तूंवर वेटोळे फिरवून प्रत्येकाचा आवाज कानात बसवावा. लाकडी टेबल वापरावे, पण त्याला खिळे नाहीत ना, हे पाहावे. हातातली अंगठी, घड्याळ, कमरपट्ट्याचे बक्कल, पोलादी टोकाचे बूट काढून ठेवावेत. वेटोळे जमिनीला समांतर, जवळ आणि सावकाश फिरवावे. आधीच्या फेरीवर थोडी पुढची फेरी चढेल असे पाहावे. आवाज पसरट आला तर वस्तू मोठी किंवा आसपास दुसरा धातू आहे, असे समजावे. आणि वस्तू इथेच असणार असे आधी ठरवून एकच कोपरा धुंडाळू नये.

आरोग्याच्या बाजूने दोन गोष्टी. गंजलेल्या खिळ्यांशी आणि मातीशी संबंध येणार, म्हणून हातमोजे घालावेत आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी. कायद्याची बाजूही विसरू नये. संरक्षित स्मारके आणि गडकिल्ल्यांच्या परिसरात परवानगीशिवाय खोदणे गुन्हा आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची पुरलेली ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. जमिनीच्या मालकाची परवानगी आणि खोदलेला खड्डा बुजवणे, हे तर ओघाने आलेच.

बेल यांना ज्यासाठी हे यंत्र हवे होते, ते कामही त्याने शेवटी केले. लहान मुलाने नाणे गिळले की काही रुग्णालयांत आधी हातातल्या मेटल डिटेक्टरने ते गळ्याशी आहे की पोटात उतरले, याचा अंदाज घेतला जातो. वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही. मात्र गिळलेली वस्तू घड्याळातली किंवा खेळण्यातली बटणासारखी बॅटरी असण्याची शक्यता असेल, तर त्यावर विसंबून चालत नाही. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही ती जाळू शकते. म्हणून क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठून एक्स-रे काढावा लागतो. यंत्र धातू आहे एवढेच सांगते. तो कोणता, कुठे आणि त्याचे काय करायचे, हे ठरवणाऱ्याने हात स्वच्छ आणि मन मोकळे ठेवायला हवे. १८८१ च्या उन्हाळ्यात व्हाइट हाउसमध्ये नेमक्या याच दोन गोष्टींची उणीव होती.